लेकीच्या घरी न जेवणारी आत्या

आमच्या घरात भाकरीची कमी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. थोडी जमीन होती, मेंढरं होती, दारात एक म्हैस होती आणि चूल दोन्ही वेळा पेटत होती. तरीही आमच्या घरातल्या बाया अशक्त होत्या. नखांना रंग नव्हता, डोक्यावर हंडा घेतला की डोळ्यांपुढं अंधारी यायची, आणि याला आम्ही आजार म्हणत नव्हतो. बाई म्हटलं की चक्कर यायचीच, असं सगळे धरून चालले होते. आमच्याकडं जेवायची एक रांग होती. आधी बाप्ये, मग पोरं, मग मेंढरांची राखण करणारी कुत्री, आणि सगळ्यांचं झाल्यावर बाया. कुत्री आपल्या आधी का जेवतात, असं मी लहानपणी आईला विचारलं होतं. तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. कुत्र्याची गाठ लांडग्याशी असते, त्याला उपाशी ठेवलं तर मेंढरं जातील, एवढं सांगून ती कामाला लागली. तिचं खरंच होतं. बायांची जागा शेवटी का, एवढंच तिला सांगता आलं नसतं. दुरडीत राहिलेली अर्धी-चतकोर भाकर आणि पातेल्याच्या बुडाचं कालवण घेऊन आई आणि आत्या चुलीपुढंच बसायच्या. कालवण संपलेलं असलं की ठेचा. बसायच्या म्हणजे तरी काय, टेकायच्या आणि उठायच्या.

त्यातली आत्या, माझ्या वडलांची थोरली बहीण सोजरआत्या, गेल्या महिन्यात गेली. मी जालन्यात एका लॅबमध्ये काम करते. सकाळी नमुने घ्यायची गडबड चालली होती, तेवढ्यात माझी थोरली बहीण शोभा हिचा फोन आला. आत्या थंडीचे दिवस काढायला तिच्याकडंच, तिच्या सासरी राहिली होती. सकाळी बाजरीची भाकर दुधात कुस्करून खाल्ली, अंगणात उन्हाला बसली, आणि बसल्या जागीच मान कलली. शोभा रडत होती आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. "जेवून गेली गं आपली आत्या. आमच्या घरी पोटभर जेवून गेली." दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर त्याला हे विचित्र वाटलं असतं. मला मात्र त्या घडीला त्याच्यापेक्षा मोठा दिलासा दुसरा नव्हता. का, ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

आत्याचं लग्न मेंढरांच्या मागं फिरणाऱ्या घरात झालं होतं. दिवाळी झाली की घर पाठीवर घेऊन निघायचं, कुणाच्या तरी मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, तीन दगडांची चूल मांडायची आणि चारा संपला की पुढं चालायचं. तिला दोनदा दिवस गेले. दोन्ही लेकरं वाटेवरच जन्मली आणि वाटेवरच गेली. पुढं नवराही गेला, तेव्हा वडलांनी तिला परतूरच्या स्टेशनावरून आमच्या घरी आणलं. ती हे कधी रडून सांगायची नाही. बोलायला तशी ती खमकी, थोडी तिरकसच होती. "माझी पोरं काय देवानं न्हेली न्हाईत, माझ्या पोटात त्यांच्यापुरतं काई नव्हतं," असं ती एकदाच म्हणाल्याचं मला आठवतं. मी तेव्हा शाळेत होते. मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

तो अर्थ शोभाच्या पहिल्या बाळंतपणात कळला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती आमच्याकडं आली होती. आमच्याकडं असं मानत होते की पोटुशी बाईनं जास्त खाल्लं की पोट अन्नानं भरतं, लेकराला जागा राहत नाही. आणि त्यातूनही लेकरू मोठं झालं तर बाळंतपणात अडतं. म्हणून आई शोभाला कमी वाढायची. मायेनं वाढायची आणि मायेनंच कमी वाढायची. शोभानं भाकर मागितली की आई तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायची, थोडी कळ काढ बाई, सुखरूप सुटशील. आत्या त्या साली वडलांबरोबर मेंढरांमागं दूर गेली होती. ती परत आली तेव्हा ओसरीत कापडी पाळणा टांगलेला होता आणि त्यात कुणी नव्हतं. बाळ मुठीएवढं होतं, ते राहिलं नाही. आत्यानं पाळण्याच्या दोऱ्या सोडल्या, तो घडी घालून माळ्यावर ठेवला, आणि आईला एक शब्दही बोलली नाही... पण त्यानंतर ती मेंढरांमागं कधी गेली नाही.

शोभाला पुन्हा दिवस गेले तेव्हा मी जालन्याला बी.एस्सी.ला होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, मुलांत आणि मुलींत धरून पहिली. हे मी आजही मोठ्यानं सांगते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तर आत्या घुश्शात होती. शोभाला सातवा लागला होता. दवाखान्यातल्या सिस्टरनी तपासून सांगितलं होतं की रक्त फार कमी आहे, असंच राहिलं तर आईला आणि बाळाला दोघांनाही जड जाईल, पोटभर खायला घाला आणि या लाल गोळ्या द्या. गोळ्या फळीवर तशाच पडून होत्या, कारण उपाशी पोटी घेतल्या की शोभाला मळमळायचं. दुसरं बाळंतपण सासरचं, त्यामुळं तिला माहेरी आणायचा आमचा हक्क संपलेला. शोभाची सासू गयाबाई बाई कष्टाळू, घर धाकात ठेवणारी आणि रीतीला पक्की. तिनं सरळ सांगितलं की आमच्या सुनेचं आम्ही बघू. मी माझं पुस्तक घेऊन गेले, रक्त कशानं वाढतं ते तिला वाचून दाखवलं. गयाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुस्तक कधी बाळंत झालं व्हतं का?" मी पुस्तक मिटून घरी आले. आत्या हसली नाही. पुस्तकात काय काय खायला सांगितलंय ते तिनं मला नीट विचारून घेतलं, आणि म्हणाली, हे समदं आपल्या घरात हाय, आता ते तिच्या पोटात कसं जाईल तेवढं मी बघते.

शोभाचं सासर आमच्या गावापासून नाला ओलांडला की पलीकडं, चालत जाण्याइतकं. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या डोक्यावर गाठोडं घेऊन निघाली, आणि मी तिच्या मागं. गयाबाईनं रीतीप्रमाणं पाणी दिलं, पाट मांडला आणि जेवायचा आग्रह केला. आत्यानं हात जोडले. लेकीला लेकरू झाल्याशिवाय तिच्या घरचं अन्न खायचं नाही ही आमच्याकडची जुनी चाल, आणि गयाबाईलाही ती तितकीच मान्य. आत्या म्हणाली, मी माझी शिदोरी आणलीय, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तिनं गाठोडं सोडलं. बाजरीच्या भाकरी, तीळ-जवसाची चटणी, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी, मोडाची मटकी, गूळ-शेंगदाणे, आणि फडक्याच्या कोपऱ्यात उकडलेली अंडी. ही अंडी एरवी मंठ्याच्या बाजारात जायची. मग आत्या म्हणाली की मला एकटीला घास उतरत नाही, शोभाला माझ्यासंग बसवा.

आता पाहुण्याला एकटं जेवायला लावणं हा अपमान, आणि विहीण तर पाहुण्यांतली पाहुणी. पाहुण्याला थांबवून घरच्यांनी आधी जेवायचं हेही शोभत नाही. गयाबाईनं शोभाला हाक मारून आत्याशेजारी बसवलं. शोभाचे सासरे जेवणाच्या वेळेला घरी आले, आत पाहुणी जेवत बसलेली बघून बाहेर ओट्यावर जाऊन बसले आणि मुद्दाम खाकरत राहिले. दाजी, म्हणजे शोभाचा नवरा, दारात येऊन दोनदा परत गेले. आत्याला कसलीच घाई नव्हती. ती शोभाच्या पुढं भाकर मोडत होती, गावाकडच्या गप्पा मारत होती, आणि शेवटी तिनं स्वतः उठून फळीवरची गोळी काढून शोभाच्या हातावर ठेवली. त्या घरात सून पहिल्यांदा पुरुषांच्या आधी जेवली, आणि रीत एकही मोडली नव्हती. नाल्यापर्यंत आल्यावर मी आत्याला म्हटलं, तू फार चालू आहेस. ती म्हणाली, "मंग? भांडून एक दिवस खायला घालता येतं. मला रोज घालायचंय."

आणि ती रोज गेली. सुट्टी होती तोवर मीही जात होते. वडील कुरकुर करायचे की घरातलं सगळं विहिणीकडं चाललंय, अंडी बाजारात जाईनात. आत्या त्यांना म्हणायची, मेंढरांना सरकी घालताना असा हिशेब करत न्हाईस तू. आई आधी घाबरली होती. पण एक दिवस तिनंच पहाटे उठून भाकरीच्या पिठात तीळ मळले आणि एक भाकर जास्तीची बांधली. त्या भाकरीकडं बघून आत्यानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. पाळणा माळ्यावर गेल्यापासून त्या दोघींमध्ये जे अडकून बसलं होतं, ते त्या सकाळी सुटलं, असं मला वाटतं.

गयाबाई मात्र हार मानणारी नव्हती. रोजच्या रोज विहीण स्वतःची शिदोरी घेऊन येते म्हणजे हिच्या घरात अन्न नाही की काय, अशी गावात कुजबुज सुरू झाली होती. तिनं साधी युक्ती केली. दुपारच्या वेळी शोभाला कापूस वेचायला रानात पाठवायला लागली. आम्ही गेलो तर घराला कडी. आत्या मागं फिरली नाही, बांधाबांधानं शेतात गेली. शोभा ओटीत कापूस घेऊन वाकलेली, तोंड पांढरं पडलेलं. आत्यानं बांधावरच्या बाभळीखाली फडकं अंथरलं आणि हाक मारली. शोभा आली, आणि तिच्या मागं वेचणीच्या बायाही आपापल्या भाकरी घेऊन आल्या. तेवढ्यात गयाबाई तिथं पोचली.

"इहीणबाई, गावात माझी इज्जत घालवून राह्यल्या तुम्ही. माझ्या घरी खायला न्हाई का?"

"तुमच्या घरी समदं हाय," आत्या म्हणाली. "पण लेकरू झाल्याबिगर लेकीच्या घरचं खाऊ नये, ही रीत तुमचीबी हाय अन् माझीबी."

"झाल्तं की एक."

"ते राह्यलं असतं तर जेवले असते मी."

गयाबाईचा आवाज खाली आला. ती म्हणाली की मी काय सुनेची वैरीण आहे का, लेकरू मोठं झालं आणि अडलं तर दोघंही जातील, म्हणून आवरतं खाऊ देते. आत्यानं तिच्याकडं बघितलं. मी तिला इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"इहीणबाई, तुमचीबी मेंढरं, माझीबी मेंढरं. गाभण मेंढीचा खुराक तुम्ही कमी करता का वाढवता?"

"वाढवते."

"का बरं?"

"कोकरू धड व्हावं म्हणून," गयाबाई म्हणाली आणि तिथंच थांबली. तिनं शोभाकडं पाहिलं. मग ती बांधावर खाली बसली आणि जमिनीकडं बघत म्हणाली, "मलाबी असंच सांगितल्तं. माझेबी दोन गेले."

वेचणीच्या बायांपैकी एकीनं डोळ्याला पदर लावला. त्यातल्या किती जणींची तीच गोष्ट होती, ते त्या दिवशी कुणी मोजलं नाही. आत्यानं फडक्यावर सरकून जागा केली. लेकीकडच्यांनी सासरचं खायचं नाही, पण सासरच्यांनी माहेरची शिदोरी खायला काही हरकत नसते. "बसा," आत्या म्हणाली, "माझ्या भावाच्या घरचं हाय, तुम्हाला चालतं." गयाबाई बसली. तिनं अंडं हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली की लग्न झाल्यापासून मी अख्खं अंडं खाल्लं न्हाई, कुणाला तरी अर्धं द्यायचंच असतं. आत्यानं लगेच टोला मारला, "आता अर्धं मागायला येऊन तर बघू दे तुमचा म्हातारा." बाया हसल्या. गयाबाईही हसली, आणि तिनं ते अंडं अख्खं खाल्लं.

त्यानंतर शोभा घरीच जेवायला लागली. गयाबाई स्वतः तिला वाढायची, वर गोळी खाल्ली का म्हणून दटावायची. तरी आत्या जातच राहिली. आता तीन बाया एकत्र जेवायच्या एवढाच फरक. संक्रांतीच्या आधी भोगीला तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी आणि भोगीची भाजी दोन्ही घरांतून आली होती. संक्रांत झाली आणि शोभा बाळंत झाली. मुलगी झाली. तिचं रडणं दवाखान्याच्या व्हरांड्यापर्यंत ऐकू आलं, वजन चांगलं भरलं, शोभा बोलत होती, हसत होती. गयाबाई आत्याच्या गळ्यात पडली. बारशाच्या दिवशी तिनं आत्यापुढं भरलेलं ताट ठेवलं, आणि आत्या पहिल्यांदा लेकीच्या घरचं जेवली. सावकाश जेवली, आणि पुन्हा वाढून घेतलं. बाळाचं नाव गौरी ठेवलं.

पुढं जे झालं ते आत्यानं ठरवून केलेलं नव्हतं. त्या बांधावर बसलेल्या बायांनी आपापल्या लेकींकडं गाठोडी न्यायला सुरुवात केली. कुणाची आई, कुणाची मावशी, कुणाची थोरली बहीण. ज्यांचं माहेर लांब, त्यांच्याकडं गल्लीतलीच एखादी बाई माहेरची म्हणून जायची. नव्या सुनेला सातवा लागला की दुपारी कोण येणार, असं आता सासूच विचारते. बाईसाठी राखीव जागा निघाली तेव्हा लोकांनी आत्याला ग्रामपंचायतीला उभं केलं. विरोधातल्यांनी तिची थट्टा केली की ही लोकांच्या घरी जेवत बसणारी बाई काय कारभार करणार. ती निवडून आली. मीटिंगला ती स्वतः जायची, वडलांना बरोबर येऊ द्यायची नाही, आणि दुपार झाली की पिशवीतून भाकर काढून तिथंच जेवायला बसायची. अंगणवाडीला नळ आला तो तिनं मागं लागून आणला. पोटुशी बाई असलेल्या प्रत्येक घरच्या सांडपाण्यावर शेवगा लावायचा हेही तिचंच. शेंगांपेक्षा त्याच्या पाल्याची भाजी करायला ती सांगायची, आणि कुणी नाक मुरडलं की करून खायला घालायची.

तिला मी शेवटचं नीट भेटले ते जालन्यात, माझ्या लॅबमध्ये. पावसाळा संपता संपता डोळे दाखवायला आली होती. मी म्हटलं, आलीच आहेस तर रक्तही तपासू. तिनं हात पुढं केला, सुईकडं डोळे उघडे ठेवून बघत राहिली. या खुर्चीत रोज पोरी बसतात, कॉलेजातल्या, नोकरीतल्या, आणि त्यांतल्या कितींचे रिपोर्ट बघून मला आमच्या चुलीपुढच्या बाया आठवतात. आत्याचा रिपोर्ट हातात आला आणि मला हसू फुटलं. तिच्या वयाला शोभणार नाही इतकं चांगलं रक्त होतं. तसं सांगितल्यावर ती म्हणाली, "असणारच. कुत्र्याच्या आधी जेवून राह्यले आता." मग माझा डबा उघडायला लावला, त्यात काय आहे ते बघितलं, आणि भाजी कमी आहे म्हणून मला बोलली...

तिचं तेरावं आमच्या गावी झालं. दोन्ही गावांतून माणसं आली होती. मांडवात पत्रावळ्या मांडल्या आणि नेहमीप्रमाणं बाप्ये बसायला लागले. वाढपी भात घेऊन निघाले, तेवढ्यात गयाबाई काठी टेकत मांडवाच्या मधोमध येऊन उभी राहिली. आता ती वाकली आहे, पण आवाज तोच आहे. तिनं कुणावर आरडाओरडा केला नाही. फक्त म्हणाली, "उठा जरा. आज आधी बाया बसतील." बसलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. पहिल्यांदा माझे वडील उठले. मग दाजी उठले, मग सगळी रांगच उठली. गयाबाईनं गावातल्या दोन पोटुशा पोरींना हाताला धरून आणलं, अगदी पुढं बसवलं, आणि त्यांच्या शेजारी आईला. आई पदर सावरत अवघडून बसली होती. वडील तिच्या पत्रावळीत वरण वाढत होते, आणि तिनं बास म्हटल्यावरही त्यांनी अजून एक पळी वाढली.

गौरी आता कॉलेजला जाते, भरतीसाठी रोज पहाटे रस्त्यानं पळते. शोभाच्या घरी दुपारी सगळे एकदम जेवायला बसतात, सासू, सून, लेक आणि बाप्येही. आमच्या त्या दोन गावांत पोटुशी बाई आता शेवटी जेवत नाही. हे सोजरआत्यानं करून दाखवलं.